छापू नये

आधी दात दिसले. कोण हा शहाणा, भर कामात जहाजाच्या कठड्याला टेकून दात विचकतोय, असं मी मनात म्हटलं आणि पुढच्याच क्षणी ओळखलं, दात माझेच होते. पुढच्या दोन दातांत तेव्हा फट होती. आता दातच नाहीत तर फट कुठली. मी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. फोटो तोच होता. ताकोरादी बंदराच्या जुन्या कचेरीत, लांबलचक टेबलावर असे दोनशे बारा फोटो मांडलेले, त्यातला हा त्र्याहत्तरावा. बाहत्तर फोटो मी कशी मिजास करत सांगितले होते. हे जहाज कोकोची पोती न्यायचं, ह्याचा कप्तान एका डोळ्यानं अधू, हे वाळूत रुतून पडलं ते साल मला पाठ आहे. बंदराचा वाढदिवस म्हणून जुन्या जहाजांच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं, आणि मला बोलावलं होतं, कारण जुन्या गोदी कामगारांच्या संघटनेचा मी अध्यक्ष आणि माझी स्मरणशक्ती म्हणे अजून शाबूत. कचेरीतली मिस दाद्झी माझ्या समोर वही घेऊन बसली होती. गोड पोरगी, माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायची. तिनं विचारलं, काका, हे कोण? मी म्हटलं, चेहरे काही नीट दिसत नाहीत गं. ती म्हणाली, एवढे स्पष्ट तर दिसतायत. मग मी चष्म्याला शिव्या घातल्या, डॉक्टरला घातल्या, आणि पुढचा फोटो ओढला. त्या चौऱ्याहत्तराव्या फोटोत काय होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

जहाजाचं नाव 'मार्गारेथा'. साल अडुसष्ट, वार मंगळवार, सकाळी दहाचा सुमार. फोटोच्या मागे बघायची गरज नव्हती, मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. जहाज धक्क्याला लागलेलं, पण फोटो पाण्याच्या बाजूनं, लाँचमधून काढलेला. त्या बाजूला पाण्यात ओंडके तरंगतायत. आमच्या बंदरातून लाकूड तसंच जायचं, ओंडके खाडीतून ढकलत आणायचे, जहाजाच्या कुशीला लावायचे आणि पाण्यातूनच विंचनं, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्रानं, वर घ्यायचे. ओंडक्यांवर अनवाणी उभे राहून त्यांना तारेचे फास घालायचे ते क्रू जमातीचे लोक, लायबेरियाकडचे. विंच चालवणारा वर डेकवर. त्याला खालचं पाणी दिसत नाही. म्हणून कठड्याशी एक माणूस उभा करायचा, इशारेवाला. त्यानं खाली बघायचं आणि विंचवाल्याला हातानं सांगायचं. हात आडवा म्हणजे थांब. हात वर, बोट आभाळाकडे, बोटाचं बारीकसं रिंगण म्हणजे उचल. विंचवाला त्या हाताशिवाय दुसऱ्या कशाकडे बघत नाही. त्याची आई येऊन शेजारी उभी राहिली तरी नाही. आणि खालच्या माणसाचे हात तारेवर आहेत तोवर 'उचल'चा हात वर जात नाही. एवढेच नियम, कालच्या पोरालाही येतील असे. फोटोत मी कठड्याशी आहे, हात वर, बोट आभाळाकडे, आणि तोंड लाँचकडे. दात. माझ्यामागे चौथऱ्यावरच्या विंचशी योफी एशून कमरेपासून वर दिसतोय, डोळे माझ्या हातावर. खाली, माझ्या पायांच्या बरोबर खाली, ओंडक्यावर तारपे वाकलाय. दोन्ही हात तारेवर.

मी तो फोटो चोरला. आता ह्या वयात सरळ सांगतो, चोरला. मिस दाद्झी चहा आणायला गेली तेव्हा उचलला आणि शर्टाच्या आत, पोटाला लावून ठेवला. वर बटणं लावली. ती आली तेव्हा मी जहाजांची नावं इतक्या भराभर सांगत होतो की तिला लिहिता येईना. काका, हळू, म्हणाली. चहा प्यायलो की नाही आठवत नाही. बाहेर पडलो तेव्हा फोटोचा कोपरा बरगडीत टोचत होता आणि मला वाटत होतं की रस्त्यातल्या प्रत्येकाला माझ्या शर्टातून तो दिसतोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या तर भर दुपारी पडलं होतं. केन्की, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे, विकणाऱ्या बायका बसल्या होत्या, तळलेल्या माशाचा वास येत होता, टॅक्सीवाले आरडाओरडा करत होते, आणि त्यातून मी एखादं अंडं नेत असल्यासारखा, छातीवर हात ठेवून चाललो होतो. ओळखीच्या एका बाईनं विचारलं, काय एको काका, छातीत दुखतंय की काय? मी म्हटलं, हो, दुखतंय. तेवढंच त्या दिवशी खरं बोललो.

मार्केट सर्कलच्या चौकाशी आलो आणि सवयीनं डावीकडची गल्ली धरणार होतो, मग आठवलं की आता गरज नाही. तीन आठवड्यांपूर्वी योफी गेला. पंचेचाळीस वर्षं मी तो चौक जमेल तितका टाळला होता. कामावरून काढल्यावर योफी तिथेच हातगाडी ढकलायचा, पाठीचं धनुष्य होईपर्यंत ढकलली, आणि पुढे ढकलणंही जमेना तेव्हा एका दुकानाच्या पायरीवर नुसता बसायचा. मी दिसलो की तो कधी शिवी द्यायचा नाही, थुंकायचा नाही. हात वर करायचा. बोट आभाळाकडे, बोटाचं बारीकसं रिंगण. तोंडावर काहीही नाही. आजूबाजूचे हसायचे, म्हणायचे, बघा म्हातारे, अजून विंचच्या भाषेत रामराम करतायत. मीही हसून हात करायचो. पुढे पुढे तर घरात कोणी आळस द्यायला हात वर केला तरी माझ्या अंगावर काटा यायचा. बायको म्हणायची, तुम्हाला झालंय तरी काय? ती गेली बिचारी, तिला काय झालंय ते कळलं नाही. आणि योफी गेल्याचा निरोप आला तेव्हा, देवाशपथ सांगतो, मी खुर्चीत बसलो आणि मला हलकं वाटलं. सुटलो, असं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मुद्दाम त्या चौकातून गेलो, पायरीकडे नीट बघून घेतलं. रिकामी होती. एवढ्यासाठी माणसाला नरकात घालत असतील तर माझी जागा पक्की आहे.

घरी आलो, दार लावलं. दिवसाढवळ्या दार लावलेलं बघून शेजारीण येऊन विचारून गेली. खाटेवर बसून फोटो मांडीवर घेतला, भिंग घेतलं. भिंगातून तारपे दिसला. पंचेचाळीस वर्षांत मी त्याचा चेहरा विसरलो होतो, की विसरलोय असं स्वतःला सांगितलं होतं कोण जाणे. फोटोतही चेहरा नाहीच, नुसती मान आणि पाठ, आणि तारेवरचे हात. पण मानेवरून ओळखू आला. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. ओंडक्यावर उभ्या उभ्या डुलकी काढायचा आणि पडायचा नाही. मी नवा होतो तेव्हा त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पोरा, तू माझ्या तोंडाकडे बघू नकोस, मी हसतोय की रडतोय त्याच्याशी तुला काय करायचंय, तू माझे हात बघ. त्या सकाळी तो कुरकुरत होता. मंगळवार समुद्राच्या विश्रांतीचा, कोळी होड्या काढत नाहीत, जाळी वाळत घालून बसतात, आणि आपण मात्र त्याच्या छातीवर नाचतोय, असं काहीतरी. आम्ही हसलो होतो. बंदराला कुठला आलाय मंगळवार.

मग लाँच आली. बंदराच्या कॅलेंडरसाठी फोटो काढणारा, पांढरी टोपी घातलेला माणूस. दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला, अहो, नुसते उभे काय, काम करताय असं दाखवा. मी सव्वीस वर्षांचा. शर्ट नवा, अरुंद कॉलरचा, सेकोंदीच्या शिंप्याकडून शिवलेला. मला वाटलं कॅलेंडरवर येईन. बारा महिन्यांतला कुठला महिना मिळेल, हेसुद्धा मनात आलं होतं, जुलै-ऑगस्टच असावा, कारण ऑगस्टमध्ये माझं लग्न ठरलेलं. एवढं सगळं एका क्षणात मनात येतं माणसाच्या. आणि मी काम करत असल्यासारखा हात वर केला. नुसता वर केला असता तरी चाललं असतं. मी बोटही फिरवलं. खरंखुरं दिसावं म्हणून. योफीनं बघितलं आणि त्याला जे शिकवलं होतं तेच त्यानं केलं. तार ताणली गेली, ओंडका पाण्यातून सुटला, झोका घेऊन जहाजाच्या पत्र्यावर आला. ओलं धुणं दगडावर आपटावं तसा आवाज झाला, फार मोठा नाही. तारपे ओरडला नाही. मी वळून खाली बघितलं तेव्हा ओंडका तारेला लोंबत होता, आणि ओंडक्यावर कोणी नव्हतं.

हात आडवा मी तेव्हा केला. सगळं होऊन गेल्यावर. दोन्ही हात आडवे धरून मी ओरडत राहिलो, थांब, थांब, आणि धावत आलेल्या सगळ्यांनी मला तसंच बघितलं. पुढे चौकशीत मी जे सांगितलं त्याचं बीज तिथेच पडलं. मी खोटं ठरवून बोललो नाही, आधी दुसरेच बोलले. कोणीतरी म्हणालं, मी बघितलं ना, एको थांब थांब म्हणत होता. मी ते नाकारलं नाही, एवढंच. म्हाताऱ्यांनी मंगळवारावर ठेवलं, समुद्राचा दिवस मोडला म्हणून समुद्रानं माणूस घेतला, आणि धक्क्यावर दारू ओतून त्याची माफी मागितली. मला केवढं बरं वाटलं होतं. वाटलं, समुद्राच्या नावावर खपून जाईल. पण मंगळवाराला नोकरीवरून काढता येत नाही, कचेरीला माणूस लागतो. पंख्याखाली तीन साहेब बसले होते. मी बायबलवर हात ठेवला आणि सांगितलं, माझा हात आडवा होता. साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं, दुसऱ्यांदाही तेच सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं. मला इंग्रजी येत होतं, योफीला येत नव्हतं. त्याच्याकडून दुभाष्यानं एकच वाक्य नेलं, हात वर होता. फाटे फोडले नाहीत, शपथा घेतल्या नाहीत, माझ्याकडे बोटही दाखवलं नाही. हात वर होता. मग कोणीतरी म्हणालं, आदल्या दिवशी लग्नाला गेला होता, प्यायला असेल. तेही मी नाकारलं नाही. त्याचा बिल्ला काढून घेतला आणि पुढच्या वर्षी मला फोरमन केलं. तारपेचा भाऊ क्रू वस्तीतून आला, त्याची पेटी घेऊन गेला, जाताना माझे हात हातात घेऊन म्हणाला, तू प्रयत्न केलास भाऊ. ते हात मी तिथेच कापून समुद्रात टाकायला हवे होते. टाकले नाहीत. घरी आलो, त्याच हातांनी जेवलो.

फोटो उलटा केला तर मागे पेन्सिलीनं जहाजाचं नाव, तारीख आणि खाली दोन शब्द, छापू नये. मी किती तरी वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिलो. म्हणजे त्या टोपीवाल्याला कळलं होतं. घरी जाऊन फोटो धुतला असेल, पाण्यातून चित्र वर येताना बघितलं असेल, दुसऱ्या दिवशी माणूस मेल्याचं ऐकलं असेल, आणि दोन शब्द लिहून पेटीत टाकून दिला. का? मला वाचवायला? की 'काम करताय असं दाखवा' म्हणून ओरडणारा आपण, हे लपवायला? आता तोही मेलाय, पेटी त्याच्या नातवानं बंदराला दिली. मला एकट्यालाच माहीत आहे असं समजून मी जगत होतो, आणि एक परका माणूस इतकी वर्षं माझं पाप घरात ठेवून झोपत होता. फोटो भजनांच्या पुस्तकात घातला, पुस्तक गादीखाली ठेवलं, गादीवर मी बसलो. वाटलं, जाळून टाकावा. काडीही ओढली. तारपेचा दुसरा फोटो ह्या जगात कुठे असेल असं मला वाटत नाही, म्हणून असेल, की नुसत्या भित्रेपणानं, काडी बोटापर्यंत जळत आली आणि मी फुंकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अराबा आली. योफीची मुलगी, पाव भाजते, तिचा पाव अर्ध्या ताकोरादीत जातो. पन्नाशीला टेकलेली, अंगावर सुतकाचं काळं. बाप अजून शवागारात होता, आमच्याकडे सगळे नातेवाईक जमेपर्यंत माणसाला पुरत नाहीत, अंत्यविधी येत्या शनिवारी होता. संघटनेच्या वतीनं श्रद्धांजली मीच वाचायची होती, अध्यक्ष ना मी. चार ओळी लिहूनही ठेवल्या होत्या, मनमिळाऊ आणि कष्टाळू वगैरे. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. आमच्यात रीत अशी की पाहुण्याला आधी पाणी द्यायचं, मग घरच्या माणसानं विचारायचं, काय खबर आणलीस? विचारल्याशिवाय पाहुणा कारण सांगत नाही, मग भले घराला आग लागलेली असो. मी विचारलंच नाही. तिच्या हातात गुंडाळलेला कागद होता आणि मला तो बघूनच घाम सुटला होता. मी पिठाचा भाव विचारला, भट्टीचं विचारलं, तिच्या मुलांच्या परीक्षांचं विचारलं. ग्लास संपला तर दुसरा दिला. ती तोही प्यायली. गप्प बसून राहिली, खांद्यावरच्या काळ्या वस्त्राखाली कागद धरून. अर्धा तास गेला असेल. तिला घाई नव्हती. मला कळलं की ही संध्याकाळपर्यंत बसेल, आणि उद्याही येऊन बसेल.

"इकडे सगळं खुशाल," मी शेवटी म्हटलं. "तुझी खबर सांग."

"वाईट हेतूनं आले नाही, काका," ती रीतीप्रमाणे म्हणाली आणि कागद उलगडून माझ्या मांडीवर ठेवला. मिस दाद्झीनं सगळे फोटो आधीच यंत्रात घालून ठेवले होते म्हणे. एक हरवलाय म्हणून ती बिचारी रडकुंडीला आली होती, पण चित्र होतंच, अराबानं बाबांसाठी विंचवाल्यांचे जुने फोटो मागून ठेवले होते म्हणून तिनं ते अराबाला फोनवर पाठवलं आणि अराबानं मोठं करून छापून आणलं. माझी चोरीसुद्धा फुकट गेली. आधी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, आणि आता तोच हात लपवायला निघालो होतो. अराबा सांगत होती, बाबांचा कामावरचा हा एकुलता एक फोटो, त्याचं सहा फुटी बॅनर करायचं, चौकात आणि चर्चच्या फाटकात. मी ऐकत होतो आणि मला फाटकातली रांग दिसत होती. संघटनेचे चाळीस म्हातारे. सगळ्यांचे डोळे गेलेत, पण सहा फुटांवरचा हात वाचायला चष्मा लागत नाही. ते नमस्कार करायला थांबतील, वर बघतील, हात बघतील, खालचा तारपे बघतील, तारेवरची बोटं बघतील. आणि मग माझ्याकडे वळतील. माझे नातू शेजारी असतील.

मग मी जे बोललो ते मला शोभत नव्हतं, पण तेव्हा पटकन सुचलं. म्हटलं, बाई, मेलेल्याच्या बॅनरवर जिवंत माणूस कशाला? लोक नावं ठेवतील. मलाही बरं वाटायचं नाही, माझंही वय झालंय. माझा भाग कापून टाक.

तिनं मान हलवली. बॅनरवालाही तेच म्हणाला, म्हणाली. तिनं त्याच्याकडून नमुनाही करून आणला होता, कागदावर पेन्सिलीनं चौकट आखलेली. चौकटीत योफी होता, विंच होता, आणि वरच्या कोपऱ्यात माझा हात, कोपरापासून पुढे. माझं तोंड चौकटीबाहेर. खालचं पाणीही बाहेर, ओंडके बाहेर, तारपे बाहेर.

"हात कशाला ठेवलास?" मी विचारलं.

"बाबा हाताकडे बघतायत ना. हात काढला तर माणूस कुठे बघतोय ते कळत नाही." मग थोडं थांबून ती म्हणाली, "तुमचं नाव मी कुठे घेणार नाही, काका. मला भांडण नकोय. मला एवढा हात वर असलेला लावायचाय."

तेव्हा मला कळलं की हात कोणाचा आणि बापाला काय म्हणायचं होतं, ते तिला माहीत आहे. तीच बोलत राहिली, माझ्याकडे न बघता, कागदावर बोट ठेवून. शाळेत मुली तिला माणूसमाऱ्याची पोर म्हणायच्या. घरी येऊन ती बापाला विचारायची, खरं सांगा, तुम्ही प्यायला होता ना? बाप म्हणायचा, हात वर होता. आईनंही विचारलं, तिलाही तेच. दोघींचाही विश्वास नव्हता. एको काका चर्चचे माणूस, शिकलेले, ते कशाला खोटं बोलतील, असं आईच म्हणायची.

"शेवटी हॉस्पिटलात मी विचारलं," ती म्हणाली. "मरणाऱ्या माणसाला विचारलं मी. म्हटलं, बाबा, आता तरी खरं सांगा, मनावर घेऊन जाऊ नका. ते म्हणाले, हात वर होता, आणि भिंतीकडे वळले. नंतर बोललेच नाहीत. आणि काल हा फोटो आला."

ती रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, पाणी तरी देता आलं असतं. मी त्या पेन्सिलीच्या चौकटीकडे बघत होतो आणि माझं मन, लाज वाटते सांगायला, हिशेबाला लागलं होतं. त्या चौकटीत मी सुटत होतो. साफ सुटत होतो. एक विंचवाला आणि एक वर केलेला हात, त्यात काय आहे? रोज दोनशे वेळा हात वर जायचा. कुठलाही दिवस, कुठलाही हात. म्हातारे बघतील, म्हणतील, वा, योफी तरुणपणी देखणा होता. ही पोर घरी जाऊन तेवढ्यावर समाधान मानेल. मी माझ्या चार ओळी वाचीन, मनमिळाऊ आणि कष्टाळू. माझ्या छातीवरचा पंचेचाळीस वर्षांचा दगड हलला, आणि त्याच क्षणी मला दिसलं की योफी मात्र त्या चौकटीत तसाच राहतोय. माणूसमाऱ्या. हातात विंच घेतलेला, सहा फुटी, चौकात टांगलेला. लोक वाकून नमस्कार करतील आणि मागे वळून एकमेकांना सांगतील, हाच तो. आणि ह्या मुलीला ते कळत नव्हतं. तिला गोदीचं काम माहीत नव्हतं. तिला हात एवढंच माहीत होतं. खालच्या माणसाची बोटं काय सांगतात, वरच्याचं तोंड भलतीकडे वळलेलं असलं म्हणजे काय होतं, हे तिला सांगू शकणारा माणूस तिच्यासमोर बसला होता आणि तोंड शिवून होता.

मी उठलो. गादीखालून भजनाचं पुस्तक काढलं, त्यातून फोटो काढला आणि तिच्या हातात दिला.

"फोनमधल्यापेक्षा हा स्पष्ट येईल," मी म्हटलं. "आणि कापू नकोस. तोंड राहू दे. खालचा माणूसही राहू दे. त्याचं नाव तारपे. त्याचे हात अजून तारेवर आहेत, बघ. आणि मी तिकडे बघतोय, फोटोवाल्याकडे. खाली बघायचं काम माझं होतं."

तिनं फोटो दोन्ही हातांनी धरला. माझ्याकडे कसा आला ते विचारलं नाही. बराच वेळ बघत होती, आधी बापाकडे, मग खाली. मग पेन्सिल काढली आणि विचारलं, खाली नावं कशी लिहू. मी सांगितली. योफी एशून, विंचवाला. तारपे, ओंडक्यावरचा. स्वतःचं नाव सांगताना अडखळलो, तिनं परत विचारलं. एको बेंत्सिल, इशारेवाला. तिनं लिहिलं. तारीख आणि वारही लिहायला सांगितला. लिहून झालं तशी कागद गुंडाळून उठली.

मला तेव्हा किती भीती वाटली ते कोणाला सांगून कळणार नाही. चौकशीच्या खोलीत वाटली नव्हती, योफीचा हात बघून वाटली नव्हती, एवढी. दारापर्यंत तिच्यामागे गेलो आणि लहान पोरासारखं तिला म्हटलं, "अराबा, शनिवारी मला बोलावं लागेल. मला भीती वाटते गं. तू माझ्या शेजारी उभी राहशील का?"

तिनं पायरी उतरून चपला घातल्या.

"शेजारी नाही, काका," ती म्हणाली. "पहिल्या रांगेत बसेन, आईला घेऊन. तिला कमी ऐकू येतं. मोठ्यानं बोला."